दुरून टॉवर साजरे

सकाळची आठ-बावीसची वाशी–सीएसएमटी लोकल. डब्यात शिरल्यावर सगळ्यांना खिडकी हवी असते ती वाऱ्याच्या दिशेची. मला हवी असते ती पश्चिमेची. वारा मिळाला नाही तरी चालेल. आमच्या ग्रुपमधल्या मंडळींना आता हे माहीत झालंय. "सोड रे, त्याला त्याचे टॉवर बघू दे," असं म्हणून ते मला ती जागा देतात आणि आपापल्या मोबाईलमध्ये डोकं घालतात.

वाशी सोडली की आधी खाडीचा पूल लागतो. तिथे पाणी आहे, तिवरं आहेत, थंडीत कधी फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ दिसते. मग मानखुर्द, गोवंडी, चेंबूर, कुर्ला. गर्दी इतकी वाढते की खिडकीतून बाहेर बघणं म्हणजे दोन खांद्यांच्या फटीतून बघणं. वडाळा गेलं की मात्र मी सरसावून बसतो. इमारतींच्या मधून, शेडच्या मागून ते दिसायला-लपायला लागतात आणि कॉटन ग्रीनच्या आसपास सगळंच उघडं होतं. परळ, लालबाग, काळाचौकी, तिथपासून भायखळ्यापर्यंतचे टॉवर एका रांगेत. सकाळचं ऊन पूर्वेकडून, म्हणजे माझ्या पाठीमागून येतं आणि सरळ त्यांच्या काचांवर पडतं. एक पेटतो, मग दुसरा, मग तिसरा. पावसाळ्यात त्यांचे वरचे मजले ढगात असतात. संध्याकाळी परतताना सूर्य त्यांच्या मागे गेलेला असतो, तेव्हा नुसती काळी आकृती उरते. अकरा वर्षं हे बघतोय, अजून कंटाळा आलेला नाही. दिवसभरात बॉसचं काहीही ऐकून घ्यायची ताकद मला या सात-आठ मिनिटांतून मिळते, असं मी बायकोला सांगतो. ती हसते. :)

तर या माझ्या आनंदाला मागच्या दिवाळीनंतर जरा धक्का बसला. त्याचीच ही गोष्ट.

नाना (माझे वडील) गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. आमचं गाव महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. नात्यातल्या लोकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो : पुणे–नाशिक रस्त्यावर मंचरच्या पुढे गेलं की आत पश्चिमेला वळायचं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, दहा-बारा दिवसांनी तपासणीसाठी त्यांना फोर्टमध्ये एका डॉक्टरांकडे न्यायचं होतं. रविवार नसूनही गाडी जरा रिकामी होती, उशिराची होती म्हणून. मी मुद्दाम त्यांना पश्चिमेच्या खिडकीत बसवलं. म्हटलं, नवा डोळा आहे, नवी मुंबई बघितली, आता जुनी बघू देत.

कॉटन ग्रीन आलं. ऊन चांगलं होतं. मी म्हटलं, "नाना, बघा. काय दिसतंय!"

नानांनी बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग म्हणाले, "दुरून डोंगर साजरे," आणि तोंड फिरवून समोरच्या बाकाकडे बघत बसले. सीएसएमटी येईपर्यंत एक शब्द नाही.

खरं सांगू? मला राग आला. एखाद्याला आपण आवडीचा पदार्थ वाढावा आणि त्याने ताट सरकवावं तसं वाटलं. राग ओसरल्यावर लाज वाटली, कारण नानांनी तोंड का फिरवलं हे मला ठाऊक होतं. मी ते सोयीनं विसरलो होतो इतकंच.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. आमच्या भागातून तेव्हा घरटी एखादा तरी माणूस मुंबईला असायचा. शेती पावसाच्या भरवशावर, म्हणून धाकट्या भावाच्या हातात औत द्यायचं आणि थोरल्यानं मुंबईची वाट धरायची. तिथे गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. एका पाळीचे लोक उठून गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच वळकटीवर येऊन पडायचे. जेवण खानावळीत. नाना शाळेच्या सुट्टीत तिथे जायचे, तेव्हाच्या गोष्टी ते आम्हाला सांगत : पहाटे एका गिरणीचा भोंगा झाला की मागोमाग दुसरीचा, तिसरीचा व्हायचा, आणि आबा डोळे मिटूनच सांगायचे की आता वाजला तो कुठला. कामावरून आलेल्या आबांच्या केसांत, भुवयांत कापसाची पांढरी लव असायची.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. संप मागे घेतल्याचं औपचारिकपणे कुणी कधी सांगितलंच नाही, तो नुसता विरत गेला. आबा वर्षभर मुंबईत थांबले, भाजीच्या पाट्या उचलल्या, मग एक वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले. त्यानंतर वीसेक वर्षं जगले. मुंबईला पुन्हा गेले नाहीत. लग्नाकार्यालासुद्धा नाही.

गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं हे सगळ्यांना मोघम माहीत असतं, नीट माहीत नसतं, म्हणून थोडक्यात लिहितो. १९९१ च्या विकास नियमावलीत हिशोब साधारण असा होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या सगळ्या पट्ट्याचा एकत्र विचार करणारा अहवाल दिला. पण २००१ मध्ये नियम बदलला : वाटणी करायची ती फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. आता गिरणी म्हणजे शेडच शेड, त्यात मोकळी जमीन असणार किती? २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाच्या विरोधात निकाल दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल ग्राह्य धरला. त्यानंतर काय उगवलं ते माझ्या खिडकीतून दिसतं. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागी आकाशाला भिडणारे टॉवर, फिनिक्स मिलचा मॉल, दादरच्या कोहिनूर मिलच्या जागी काचेची जोड इमारत. मी ज्याला 'सीन' म्हणतो, तो हा आहे.

आणि यात आमच्या गावाची एक वेगळीच गाठ आहे. हुतात्मा बाबू गेनू आमच्या महाळुंगे पडवळचे. १९०८ चा जन्म, घरची गरिबी, तेही मुंबईला येऊन गिरणी कामगारच झाले. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडानं भरलेला ट्रक अडवायला ते आडवे गेले आणि त्या ट्रकनं त्यांना चिरडलं. वय फक्त २२. गावात लहानपणापासून हे नाव कानावर असतं, इतकं की आपल्याला त्याचं काही वाटेनासं होतं. मला ते पुन्हा जाणवलं ते या गाडीत. विचार करा : हार्बर लाइनच्या पूर्वेला बंदर, पश्चिमेला गिरणगाव, मध्ये स्टेशनचं नाव कॉटन ग्रीन. कापूस, कापड आणि गोदी, सगळा व्यवहार या पट्ट्यातून चालायचा. म्हणजे आमच्या गावचा तो पोरगा ज्या दुनियेत जगला आणि ज्या कापडापायी मेला, तिच्या बरोबर मधून मी रोज पास काढून जातो. खिडकीत बसून.

त्या दिवशी रात्री जेवताना मी नानांना म्हटलं, "नाना, मला कळतंय तुम्ही तोंड का फिरवलंत. पण मला ते आवडतं त्याचं काय करू?"

नाना म्हणाले, "आवडतंय तर बघ की. मी कुठं नको म्हणलं? पण मला दाखवू नको."

इथे मी जरा वकिली केली. डिंभे धरणाचा विषय काढला. आमच्याकडे पाहुणे आले की नाना त्यांना हटकून डिंभ्याला घेऊन जातात. घोड नदीवरचं धरण, मागे सह्याद्री, पावसाळ्यानंतर भरलेलं निळंशार पाणी. त्या जलाशयाचं नावसुद्धा हुतात्मा बाबू गेनू सागर. नाना तिथे उभे राहून पाहुण्यांना असं दाखवतात की जणू ते त्यांनीच भरलंय. पण त्या पाण्याखाली काय आहे? अख्खी गावं आहेत. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं ते मूळ आंबेगावच त्याच्या पोटात आहे. तिथली माणसं उठली, घरं गेली, जमिनी गेल्या, देवळं बुडाली.

मी म्हटलं, "मग डिंभ्याचं पाणी बघताना तुम्ही तोंड का फिरवत नाही?"

बायकोनं मला डोळ्यांनी दटावलं. नानांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फिरवत नाही. पण खाली कुठलं गाव आहे ते मला माहितीये. तुझ्या त्या टॉवरखाली काय आहे ते तू सांग. नावानिशी सांग."

आणि मला सांगता आलं नाही. श्रीनिवास, फिनिक्स, कोहिनूर, ही जी दोन-चार नावं मी वर लिहिली तेवढी आली. ती सगळ्यांनाच येतात, पेपरात छापून येतात. पण कॉटन ग्रीनहून रोज जे टॉवर बघतो, अकरा वर्षं बघतो, त्यातला नेमका कुठला कुठल्या गिरणीवर उभा आहे, ते सांगता येईना. ज्या गिरणीत आबांनी जवळजवळ तीस वर्षं घालवली ती आता कुठला टॉवर आहे, हेही नाही. अकरा वर्षांत मी एकदाही उतरून बघितलं नव्हतं.

म्हणून पुढच्या शनिवारी मी, नाना आणि माझी लेक, तिघे कॉटन ग्रीनला उतरलो आणि काळाचौकीतून लालबागपर्यंत चालत गेलो. नानांनी आधी कुरकुर केली, पण निघाल्यावर मीच मागे पडायला लागलो. त्यांना गल्ल्या आठवत होत्या. अर्ध्या ठिकाणी गल्ली होती, पण ओळखीचं काहीच उरलं नव्हतं. चाळी अजून आहेत. गॅलरीत दोरीवर कपडे, खाली मसाल्याची दुकानं, आणि त्यांच्या डोक्यावर मान मोडेपर्यंत वर बघावं तरी न संपणारा टॉवर. गाडीतून हे दोन्ही एकत्र दिसत नाही. गाडीतून फक्त वरचा भाग दिसतो.

आबांची गिरणी जिथे होती त्या जागी मोठं गेट आहे. गेटवर रखवालदार होता, तरुण मुलगा. नानांनी त्याला विचारलं, "इथं गिरणी कुठली होती?" तो म्हणाला, "गिरणी? माहीत नाही आजोबा. मी आलो तेव्हा हेच होतं." बिचाऱ्याचा काय दोष? गेटवर टॉवरचं परदेशी वाटणारं नाव होतं, गिरणीचं कुठे नव्हतं. नानांनी त्याला नाव सांगितलं. कुठे कुठे काय होतं तेही हात दाखवून सांगितलं : इथून आत जायचं, तिथे भोंगा, तिथे पगाराची खिडकी. तो पोरगा खरंच मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "माझे आजोबापण गिरणीत होते म्हणतात. कुठल्या ते आता घरात कुणाला माहीत नाही."

तिथून येताना नानांना मी एक गोष्ट दाखवली. वडाळ्याला, बॉम्बे डाईंगच्या स्प्रिंग मिलच्या जागेत, उंच टॉवरच्या जोडीनेच गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या इमारती झाल्या. मार्च २०२० मध्ये तिथली, बॉम्बे डाईंग मिलमधली आणि श्रीनिवास मिलमधली मिळून ३,८९४ घरांची सोडत निघाली होती. अर्ज करणारे कामगार आणि त्यांचे वारस लाखाच्या वर होते, त्या मानाने हा आकडा म्हणजे काहीच नाही. तरी काहीच नाही असंही नाही. नानांनी स्वतः अर्ज कधी भरला नाही. "ज्या जागेतनं बापाला रिकाम्या हातानं जावं लागलं, तिथं चिठ्ठी टाकून परत जायचं व्हय?" असं तेव्हा म्हणाले होते. या वेळी काही बोलले नाहीत. नुसतं विचारलं, "तिथं ज्यांना मिळाली ती लोकं राहायला आली का?" मी म्हटलं, बाल्कनीत कपडे वाळताना दिसतात. "मग बरं," म्हणाले.

आता या सगळ्यावर मला काय वाटतं ते सांगतो.

टॉवर बघून खूश होणारे दोन प्रकारचे लोक मला भेटतात. एक म्हणतात, "जुनं काय उगाळायचं? शहर बदलतंच. मुंबईची स्कायलाइन आता कुणाच्या तोडीस तोड आहे, अभिमान बाळगा." दुसरे म्हणतात, "हे सगळं गिरणी कामगारांच्या थडग्यावर उभं आहे, यात सुंदर म्हणण्यासारखं आहे काय?" वर्षभरापूर्वी मी गुपचूप पहिल्यांत होतो, आणि दुसरे भेटले की ओशाळून त्यांच्यात जायचो. आता मला दोघांचंही पटत नाही.

पहिल्यांचं पटत नाही कारण विसरून केलेलं कौतुक फार उथळ असतं. त्यात आपण फक्त काच बघत असतो. दुसऱ्यांचं पटत नाही कारण मग काहीच बघता येणार नाही. डिंभ्याचं पाणी नाही, धरणावर पिकणारं शेत नाही. माणसानं उभं केलेलं असं काय आहे की ज्याच्या पायात कुणाचं काही गेलं नाही? सकाळचं ऊन काचेवर पडलं की ते छान दिसतंच. त्यात बिल्डरचा काही हात नाही, आणि माझा डोळा खोटं बोलत नाही. शिवाय ते बघायचा हक्क कुणाला असेल तर तो त्याच गाडीनं जाणाऱ्यालाच आहे. फ्लॅट ज्याचा असेल त्याचा असो. त्या घरात राहणाऱ्याला स्वतःचा टॉवर कधी दिसत नाही, तो आम्हाला दिसतो.

"दुरून डोंगर साजरे" ही म्हण आपण नेहमी टोमणा म्हणून वापरतो. जवळ गेलं की काटेकुटे आणि दगडधोंडे, म्हणून लांबचं सौंदर्य खोटं. पण आमचा सगळा तालुका डोंगर बघत जगतो. पश्चिमेचे डोंगर संध्याकाळी निळे होतात, ते दुरून साजरेच असतात. ज्याचं शेत तिकडे उतारावर आहे त्यालाही ते साजरे दिसतात, आणि पावसात तिथली पायवाट किती निसरडी होते हेही त्याला माहीत असतं. त्याला दोन्ही माहीत आहे म्हणून त्याचं बघणं खोटं ठरत नाही. म्हणीतली चूक दुरून बघणाऱ्याची नाही, फक्त दुरूनच बघणाऱ्याची आहे.

जवळ न जाण्याची किंमत काय असते हेही याच मार्गावर दिसतं. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ माझगावात पालिकेच्या कर्मचाऱ्यांची एक इमारत होती. तिचं नाव बाबू गेनू मार्केट. आमच्याच गावच्या माणसाचं नाव. २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे ती कोसळली आणि ६१ माणसं गेली. गाडीतून जाणाऱ्या कुणालाही आदल्या दिवशीपर्यंत ती आणखी एक इमारत वाटली असणार. नाव मोठं दिलं की काम झालं असं आपल्याला वाटतं. आतल्या माणसाचं छप्पर कसं आहे ते मात्र दुरून कळत नाही.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. ज्या ज्या जागी गिरणी होती तिथल्या गेटवर एक पाटी असावी : गिरणीचं नाव, सुरू झाल्याचं साल, बंद पडल्याचं साल. एवढंच. रखवालदाराला सांगता येईल, शाळेतल्या पोरांना वाचता येईल. लंडनमध्ये सेंट पॉल चर्चचा घुमट ठराविक ठिकाणांहून दिसलाच पाहिजे म्हणून मधल्या इमारतींच्या उंचीवर बंधनं आहेत. अगदी रिचमंड पार्कच्या टेकडीवरून, जवळजवळ सोळा किलोमीटरवरून तो दिसतो. कॅनडातल्या व्हँकुव्हरने १९८९ मध्ये शहरातून डोंगर दिसावेत म्हणून असे नियम केले. आपल्याकडेही मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. म्हणजे 'दिसणं' ही जपायची गोष्ट आहे हे आपण मान्य केलंय. मग ज्या थोड्या चिमण्या अजून उभ्या आहेत त्या तरी टॉवरच्या गर्दीत दिसत राहाव्यात.

दुसरं मागणं खिडकीचं. हे जरा हसण्यावारी नेलं जाईल, पण मी गंभीरपणे म्हणतोय. मुंबईतले सगळ्यात सुंदर देखावे गेल्या काही वर्षांत कुणाच्या वाट्याला आले? २००९ चा सी लिंक, २०२४ चा अटल सेतू, २०२४ चाच कोस्टल रोड. तिन्हीवर दुचाकीला बंदी. म्हणजे देखावा हवा तर चार चाकं हवीत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोस्टल रोडलगतचा पायी फिरायचा पट्टा खुला झाला, हे चांगलं झालं. मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. गार, स्वच्छ, वेळेवर, पण जवळजवळ सगळी जमिनीखालून. सोय म्हणून तिला माझं काहीच म्हणणं नाही, लोकलला लटकून माणसं पडण्यापेक्षा ती हजारपट बरी. पण गिरणगावाखालून जाताना काळ्या काचेत आपलाच चेहरा दिसतो. शहर न बघता शहरातून जायची सवय एकदा लागली की शहरात काय चाललंय हे विचारायची सवयही जाते, अशी मला भीती वाटते. लोकलच्या मासिक पासात मिळणारी पश्चिमेची खिडकी ही माझ्यासारख्याची चैन आहे, आणि तीच माझी हजेरीपण आहे.

असो. फार लांबलं.

नाना आता गावी आहेत. डोळा छान आहे, पेपर चष्म्याशिवाय वाचतात. जायच्या आधी लेकीनं त्यांच्याकडून एका वहीत कॉटन ग्रीन ते भायखळा असा नकाशा काढून घेतला. नानांना आठवतील तेवढ्या गिरण्या त्यात लिहिल्या. काहींच्या पुढे प्रश्नचिन्ह आहे. मी रोज सकाळी एकेक खिडकीतून पडताळून बघतो, शनिवारी जमलं तर उतरून विचारतो. आतापर्यंत सहा नक्की झाल्यात. नात्यातल्या कुणाच्या घरी गिरणीचा जुना पास, पगाराची चिठ्ठी, किंवा नुसती आठवण असेल तर मला कळवा. वहीत जागा आहे.

काल संध्याकाळी नानांचा फोन आला होता. कांद्याचा भाव, बिबट्या कुणाच्या उसात दिसला, सगळं झाल्यावर म्हणाले, "काय रं, आज दिसले का तुझे टॉवर?"

मी म्हटलं, "नाही नाना, धुरकं फार होतं. काहीच दिसलं नाही."

"मग नावं घ्यायची," म्हणाले. "जागेवरच असतील."